गोदाकाठची यंत्रनौका आणि इंधनाचे माप

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते आणि तिच्या पैलतीरापासून बीड जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो. घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीहून दक्षिणेस निघालेला प्रवासी उसाच्या, कपाशीच्या आणि मोसंबीच्या शिवारांतून जाता जाता या गोदाकाठी येऊन पोहोचतो, तेव्हा त्याला जे पात्र दिसते ते दोन पिढ्यांपूर्वीचे पात्र नव्हे. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी अशा उच्च पातळी बंधाऱ्यांनी, पूर्वी उन्हाळ्यात नुसते वाळवंट होऊन पडणाऱ्या या नदीत पाण्याचे लांबच लांब फुगवटे निर्माण केले आहेत, आणि त्या पाण्यावर भोई मंडळींच्या होड्या व तराफे फिरतात. परंतु ज्या वर्षी वरच्या अंगाला, पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरून त्याचे दरवाजे उचलावे लागतात, त्या वर्षी हेच शांत पाणी काठ सोडून शेतांत व गावांत शिरते. ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सोडले गेले, तेव्हाची आठवण पैठणपासून खालच्या प्रत्येक गावात अजून ताजी आहे. आणि सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्याच्या नदीकाठाला पुन्हा एकदा तोच प्रसंग दाखविला.

अशा प्रसंगी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी येते खरी, परंतु तिचा तळ पुण्याजवळ सुदुंबरे येथे; तेथून गोदाकाठापर्यंतचा रस्ता लांबचा, आणि पुरात तो जागोजागी तुटलेला. त्या मधल्या अवधीत वेढलेल्या वस्तीतून म्हातारीकोतारी, बाळंतिणी व मुले बाहेर काढावयाची ती जवळपास जी नौका उपलब्ध असेल तिनेच. ही नौका बहुधा रबराची, हवा भरून फुगवावयाची असते, आणि तिच्या मागील फळीवर शिकंज्याने आवळलेले पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन, ज्याला आपत्ती निवारणाच्या कामातील माणसे सर्रास ‘ओबीएम’ म्हणतात, हेच तिचे सर्वस्व असते. वल्ह्यांनी अशा प्रवाहाला तोंड देता येत नाही. इंजिन बंद पडले की नौका ही नौका राहत नाही. ती प्रवाहातील एक वस्तू होते. म्हणून या इंजिनाच्या एका अंगाचा, म्हणजे त्याला इंधन किती व कसे मिळते याचा, थोडा सविस्तर विचार सामान्य वाचकानेही करावा असे मला वाटते. कारण कार्बोरेटरचे इंजिन हे ज्या हवेत, ज्या इंधनावर आणि ज्या ओझ्याखाली चालावयाचे असते त्या तिहींसाठी जुळविलेले असावे लागते, आणि यांपैकी एक जरी बदलले तरी पूर्वीची जुळणी खोटी ठरते.

फेरफार केलेले इंजिन म्हटले की शर्यतीचा शौक असलेला कोणी तरुण डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडील फेरफार मात्र बहुतांशी निरुपायाचे असतात. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर झिजला म्हणून तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घातलेला असतो; मूळ कंपनीचा कार्बोरेटर मिळेना म्हणून दुसऱ्या इंजिनाचा, थोड्या रुंद गळ्याचा बसविलेला असतो; हवा आत घेणाऱ्या मुखावरील आवाज कमी करणारी पेटी तुटली म्हणून काढून टाकलेली असते; कोठे रीडच्या, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या झडपेच्या, पट्ट्या वेगळ्या जाडीच्या, कोठे नौका ढकलणारा पंखा दुसऱ्या मापाचा. या प्रत्येक दुरुस्तीने इंजिनात शिरणाऱ्या हवेचे प्रमाण किंवा तिची गती बदलते. हवा बदलली की इंधनाचा हिशेब नव्याने मांडणे भाग असते, आणि नेमके तेच काम ‘इंजिन चालू झाले ना, मग झाले’ या समाधानात राहून जाते.

कार्बोरेटरचे तत्त्व फार जुने आहे. वाहता द्रव किंवा वायू जेथे वेगाने जातो तेथे त्याचा दाब उतरतो, हा नियम डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. अरुंद होत जाणाऱ्या नळीतील या परिणामाचा अभ्यास जोव्हानी व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये प्रकाशित केला. आणि विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १८९३ च्या सुमारास याच तत्त्वावर पेट्रोलचा फवारा उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ मध्ये होडीमागे टांगावयाचे सुटे इंजिन विक्रीस आणले, तेव्हापासून ही दोन यंत्रे एकमेकांची सोबती झाली. पिस्टनच्या ओढीने हवा कार्बोरेटरच्या चिंचोळ्या गळ्यातून धावते, तेथे दाब उतरतो, आणि शेजारच्या लहान टाकीत, जिला कारागीर ‘बाउल’ म्हणतात, ठरावीक पातळीपर्यंत भरलेले पेट्रोल बाहेरील हवेच्या दाबाने पितळी जेटच्या सूक्ष्म छिद्रातून वर ढकलले जाऊन त्या हवेत मिसळते. बाउलमधील पातळी राखण्याचे काम फ्लोट व त्याची सुई करतात. या सर्व रचनेत बुद्धी कोठेही नाही, मोजमाप घेणारे साधन नाही. आहेत ती केवळ ठरावीक मापाची छिद्रे, आणि जो शहाणपणा आहे तो ती छिद्रे निवडणाऱ्या माणसाचा.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला, तोलाने, हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात तेव्हा दोन्ही एकमेकांना पुरून उरत नाहीत. पूर्ण शक्ती हवी असेल तेव्हा मात्र इंधन थोडे अधिक, म्हणजे १२.५ ते १३ भाग हवेला एक भाग, असे द्यावे लागते. हवेच्या मानाने इंधन अधिक झाले की मिश्रण दाट झाले, कारागिरांच्या बोलीत ‘रिच’. कमी झाले की विरळ, ‘लीन’. दाट मिश्रणाने धूर होतो, प्लग काळा पडतो, पेट्रोल नासते, इंजिन जड चालते. हे सारे नुकसान डोळ्यांना व खिशाला दिसणारे आहे. विरळ मिश्रणाचे तसे नाही. ते जळताना ताप अधिक होतो, स्फोट अवेळी होऊ लागतात, पिस्टनचा माथा भाजतो; आणि टू-स्ट्रोक इंजिनात तर वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच, बहुधा पन्नासास एक या प्रमाणात म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर, जात असल्यामुळे इंधन कमी पडले की तेलही त्याच मानाने कमी पडते. नेहमीपेक्षा तापलेला पिस्टन आणि नेहमीपेक्षा कोरडा सिलिंडर यांची गाठ पडली की पिस्टन पकडतो. त्यापूर्वी काही क्षण इंजिन विलक्षण सफाईने चाललेले असते, आणि त्या सफाईला भुलणे हा या व्यवसायातील सर्वांत महाग पडणारा भ्रम होय.

नौकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मोटारसायकलीवर हात बसलेल्या कारागिराच्या ध्यानात सहजी येत नाही. तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेत टू-स्ट्रोक जाणणाऱ्यांची वाण नसते. राजदूत, आरएक्स-१०० आणि एम-८० या गाड्यांनी खेडोपाडी कारागिरांची एक पिढीच्या पिढी शिकविली. परंतु मोटारसायकल उताराला विसावा घेते, गिअर बदलते, क्षणभर पूर्ण रेस देऊन पुन्हा सोडली जाते. होडीला उतार नाही. पंख्याला फिरविण्यास लागणारी शक्ती ही फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे निम्मे असताना शक्ती निम्मी नव्हे, तर एक अष्टमांश लागते. दोन माणसे बसवून मध्यम वेगाने बंधाऱ्याच्या पाण्यात चक्कर मारली, इंजिन छान चालले, म्हणून जुळणी बरोबर आहे असा दाखला दिला, तर तो दाखला कार्बोरेटरच्या केवळ मंद गतीच्या छिद्रांना मिळालेला असतो. पूर्ण वेगाचे इंधन देणाऱ्या मुख्य जेटची परीक्षा अजून झालेलीच नसते. ती परीक्षा मग आठ-दहा माणसे भरून, प्रवाहाच्या विरुद्ध, वेगाची मूठ शेवटपर्यंत पिळून, पंधरा-वीस मिनिटे सलग चालताना होते. आणि त्या परीक्षेत नापास होण्याची किंमत नौकेतील माणसांना द्यावी लागते.

आता या मुलखाच्या हवेकडे वळू. कारखान्याने इंजिनासोबत दिलेले जेट हे समुद्रसपाटीच्या हवेसाठी असतात. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे. तीर्थपुरीच्या दक्षिणेचा गोदाकाठ त्याहून खाली असला तरी चारशे मीटरांच्या आगेमागेच. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि मे महिन्यातील बेचाळीस अंशांचा ताप तिला आणखी प्रसरण पाववितो. हवेची घनता घटली की तिचे वजन त्याच प्रमाणात घटते. परंतु जेटमधून येणारे इंधन त्या प्रमाणात न घटता केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, आणि म्हणून मिश्रण आपोआप दाट होते. हिशेब करून पाहिला तर मेच्या दुपारी ते सुमारे सात टक्क्यांनी, आणि भाद्रपदातील पावसाळी हवेत पाच टक्क्यांनी दाट होते. तेव्हा मे महिन्यात धुराला कंटाळून एखाद्याने जेट पुरेपूर बारीक केले, तर ज्या ऋतूत ही नौका खरोखर लागणार त्या ऋतूत तिचे मिश्रण दोन टक्क्यांनी अधिक विरळ असेल. दोन टक्के म्हणजे फार नाही. पण ते जातात ते नेमके धोक्याच्या दिशेला.

ही झाली हवेची बाजू, आणि जुन्या माहितीपुस्तकांत ती दिलेली असते. पुस्तकांत नसते ती दुसरी बाजू, जी याच मातीतून उगवली आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने व बंधाऱ्यांच्या पाण्याने या तालुक्यात ऊस वाढला. उसापासून साखरेबरोबर इथेनॉल तयार होऊ लागले. आणि २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू अगोदरच असल्यामुळे त्याला जळण्यास हवा कमी, तोलाने सुमारे नऊ भाग, पुरते. परिणामी वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साडेतेरा भागांच्या आसपास हवा लागते. आपोआप जुळवून घेणाऱ्या नव्या इंजेक्शनच्या इंजिनांना याची फिकीर नसते. परंतु ठरावीक छिद्राच्या कार्बोरेटरमधून इंधन पूर्वीइतकेच येत राहते, आणि त्याला तेवढ्याच हवेसाठी आठ टक्के अधिक इंधन लागत असल्यामुळे मिश्रण तितक्याच मानाने विरळ ठरते.

म्हणजे उंची मिश्रण दाट करते आणि इथेनॉल ते विरळ करते, आणि गोदाकाठच्या पावसाळी हवेत या दोन चुका एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. शिल्लक राहिलाच तर थोडा विरळपणा राहतो. येथेच घोटाळा होतो. एखादा काळजीवाहू कारागीर पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातील उंचीचा नियम वाचून १२० क्रमांकाच्या जागी ११५ क्रमांकाचा जेट घालतो, आणि त्याने उंचीची चूक दुरुस्त केली असे त्याला वाटते; प्रत्यक्षात त्याने विरळपणाला आवर घालणारी एकमेव गोष्ट काढून घेतलेली असते. कित्येक जपानी जेटांवरचा हा क्रमांक म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशात. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून १२० वरून ११५ वर येणे हे दिसावयास चार टक्क्यांचे असले तरी इंधनाच्या दृष्टीने आठ टक्क्यांचे असते. त्यात इथेनॉलचे आठ मिळवून उंचीचे पाच वजा केले, तरी इंजिन मूळ जुळणीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक विरळ चालू लागते. पूर्ण ओझ्याच्या टू-स्ट्रोक इंजिनाला एवढी तूट सोसत नाही. माझे स्पष्ट मत असे की, या भागातील जुन्या इंजिनाचा मुख्य जेट पुस्तकावरून बारीक करण्याची मुळीच घाई करू नये. मूळ क्रमांक किंवा त्यावरचा एक क्रमांक घालून आरंभ करावा, आणि पाण्यावरील पुराव्यानेच खाली यावे.

याच ओघात रॉकेलाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण पेट्रोल महाग म्हणून रॉकेलावर इंजिन चालविण्याचा मोह किनारपट्टीवरच्याप्रमाणे येथेही होतो, आणि पेट्रोलवर सुरू करून रॉकेलावर चालवावयाचे पाण्याचे पंप शेतकऱ्यांच्या परिचयाचेही आहेत. पण ते पंप त्यासाठीच बनविलेले, कमी दाबाचे असतात. रॉकेलाची अवेळी स्फोट न होऊ देण्याची क्षमता फार कमी. थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही. आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर घेऊन बाउल धुऊन काढला नाही तर पुढल्या वेळी इंजिन सुरू होत नाही. पेट्रोलच्या आउटबोर्डात हेडचा दाब न उतरविता रॉकेल ओतणे म्हणजे पिस्टन जाणूनबुजून बळी देणे होय. बचावाच्या नौकेत तर त्याचा विचारही नको.

जेटला हात लावण्यापूर्वी इतर सर्व कसूर दूर झाले पाहिजेत, नाहीतर मनुष्य एका दोषाला दुसऱ्या दोषाने झाकीत बसतो. सर्व सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरतो की नाही, प्लगची ठिणगी वेळेवर पडते की नाही, आणि एकाहून अधिक कार्बोरेटर असतील तर त्यांच्या झडपा मुठीबरोबर एकाच क्षणी उघडतात व एकाच क्षणी पूर्ण उघड्या होतात की नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर इंधनाची वाट तपासावी: टाकीच्या झाकणावरील वायुमार्गाचा स्क्रू उघडा आहे ना, हाताने दाबावयाचा रबरी गोळा दाबल्यावर घट्ट होतो ना, नळीला तडे नाहीत ना, कारण जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, क्रँककेसच्या दाबाच्या हेलकाव्यावर चालणाऱ्या इंधनपंपाचा पडदा फाटलेला नाही ना. पडदा ताठरला असेल तर मंद गतीला पेट्रोल पुरते, पण पूर्ण वेगात बाउल रिकामा होत जातो, आणि एक-दोन मिनिटांनी इंजिन दम लागल्यासारखे खाली बसते. त्या वेळी सोबतच्या माणसाने रबरी गोळा दाबताच ते पुन्हा उसळले, तर दोष जेटचा नाही, पुरवठ्याचा आहे; इतकी सोपी व खात्रीची परीक्षा क्वचितच मिळते. क्रँकचे सील गळत असतील तर तेथून चोरटी हवा शिरते, आणि मग जेट कितीही मोठा केला तरी त्या एका सिलिंडरचे मिश्रण विरळच राहते.

मंद गतीची जुळणी त्या मानाने सौम्य काम आहे. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवावा, आवळू नये, कारण त्याच्या टोकाला घळ पडली की तो कायमचा बिघडला. मग सव्वा ते दीड फेरा बाहेर घेऊन इंजिन पाण्यात, पंखा जोडलेल्या अवस्थेत गरम करावे. सावकाश आत घेत गेल्यास एक वेळ अशी येते की मूठ पिळताच इंजिन कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज करते. हा विरळपणाचा इशारा. तेथून अष्टमांश ते चतुर्थांश फेरा बाहेर आणून सोडावे. जोराने मूठ पिळल्यावर शिंक आली नाही आणि धुराने घुसमटही झाली नाही, की या बाजूचे काम संपले.

खरी कसोटी मुख्य जेटची. मोटारीच्या सायलेन्सरमागे उभे राहून धुराचा रंग पाहता येतो. आउटबोर्डचा धूर पाण्याखालून निघतो, आणि आवाजही पाण्यात विरतो, म्हणून प्लग हाच साक्षीदार. जोगलादेवीसारख्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, दरवाजांपासून पुष्कळ वरच्या बाजूला, सोबत दुसरी नौका व दोर ठेवून, अंगात जीवरक्षक जाकिटे घालून, आणि जितकी माणसे पुरात वाहावयाची तितक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरून ही चाचणी करावी. गरम झालेल्या इंजिनात नवे प्लग घालावेत, पूर्ण वेगाने दोन-तीन मिनिटांची सलग धाव घ्यावी, आणि मूठ जराही सैल न करता त्याच वेगात इंजिन बंद करावे. मूठ सोडून हळूहळू थांबविले तर प्लगवर मंद गतीचा रंग चढतो आणि पुरावा पुसला जातो. नौका वाहू लागताच प्लग काढून उन्हात धरावेत. पांढऱ्या चिनी मातीच्या शंकूचे टोक पाहून समाधान मानू नये, कारण आजच्या पेट्रोलने तेथे फारसा रंग येत नाही. भिंगाने आत, शंकू जेथे धातूला मिळतो त्या बुडाशी पाहावे. तेथे कॉफीच्या रंगाचे, तपकिरी वलय दिसले तर जुळणी ठीक. वलय काळे, ओलसर व रुंद असेल तर दाट. वलयच नसेल, माती धुतल्यासारखी पांढरी असेल, तर विरळ. आणि त्या पांढऱ्यावर मिरपुडीसारखे बारीक चमकते कण दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे, आणि इंजिन त्या दिवशी पुन्हा सुरूही करू नये.

सर्व प्लगांपैकी एकच पांढरा आला, तर सर्व जेट बदलण्याचा मोह आवरावा. एकाच सिलिंडरची तक्रार ही त्याच्यापुरत्या अडथळ्याची, गळक्या सीलची किंवा तुटलेल्या रीडची असते. बहुधा जेटमध्येच काही अडकलेले सापडते. तो काढून उजेडासमोर धरला म्हणजे छिद्राच्या कडेला जुन्या पेट्रोलचा पिवळसर डिंक दिसतो. त्यात पोलादी तार घालणे हा मोठा अपराध आहे. पितळ मऊ, आणि शतांश मिलिमीटरच्या ओरखड्यानेही त्याचे माप बदलते. भोई मंडळींच्या गळाची नायलॉनची दोरी या कामाला उत्तम. त्याचप्रमाणे जेटचे छिद्र बारीक ड्रिलने मोठे करणे टाळावे. तसल्या छिद्राची कड खडबडीत होते, इंधनाचा प्रवाह क्रमांकाप्रमाणे राहत नाही, आणि पुढील कारागिराला जेटवरचा आकडा खोटे सांगतो. मापाच्या जेटांचा संच महाग वाटला तरी तो इंजिनाच्या एका पिस्टनहून स्वस्त पडतो.

पंख्याकडेही याच चाचणीत पाहावे. फेरे मोजण्याचे साधन लावून पूर्ण ओझ्यात इंजिन आपल्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत, पुष्कळशा इंजिनांत मिनिटाला पाच ते साडेपाच हजारांपर्यंत, पोहोचते का ते बघावे. पोहोचत नसेल, आणि प्लग ठीक असतील, तर पंख्याचा पीच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे त्याचे माप, जास्त आहे. एक इंच पीच कमी केल्याने दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. जड पंखा लावलेले इंजिन मंद फेऱ्यांत पूर्ण मूठ उघडून कुंथत राहते, आणि त्या स्थितीत अचूक मिश्रणसुद्धा त्याला वाचवू शकत नाही. बचावाच्या नौकेला वेग नको, ओढ हवी.

आणि शेवटी जपणुकीची बाब. गतवर्षीच्या पुरानंतर कॅनमध्ये राहिलेले पेट्रोल या वर्षी वापरू नये. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल हद्दीबाहेर गेली की पाणी व मद्यार्क एकत्र होऊन तळाला वेगळे साचतात. त्या तळाच्या थरात टू-स्ट्रोकचे तेल नसते. नदी उतरल्यावर टाकीची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, बाउलचे तळस्क्रू उघडून शेवटचा थेंबही काढावा, आणि मगच ते कोठीत ठेवावे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ताज्या पेट्रोलवर वर सांगितलेली चाचणी पूर्ण ओझ्यासह पुन्हा घ्यावी, आणि तिचा तपशील, म्हणजे जेटांचे क्रमांक, स्क्रूचे फेरे, प्लगचा प्रकार, पंख्याचे माप, त्या दिवशीचे तापमान, पेट्रोलचा प्रकार व पूर्ण वेगातील फेरे, इंजिनाच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटविलेल्या कागदावर आणि कचेरीच्या नोंदवहीत अशा दोन्ही ठिकाणी लिहून, खाली कारागिराची सही व तारीख घ्यावी. ज्या इंजिनात काही फेरफार झाला असेल त्याच्या पुढे तो फेरफार वेगळ्या शाईने लिहावा. कारण पुढल्या वर्षी मूळ पुस्तक उघडून बसणाऱ्या नव्या माणसाला, हे इंजिन त्या पुस्तकातले उरलेले नाही, एवढे तरी समजलेच पाहिजे.